राणीचं काम

अकोल्यात पाच-सहा वर्षं मास्तरीण म्हणून काढल्यावर जयवंता तायडे बी.टी. करायला अमरावतीला आली, ती नाटकासाठी. मुलांना नाटक कसं शिकवावं, हा विषय तिथल्या एका कॉलेजात नव्यानेच सुरू झाला होता. लहानपणी गॅदरिंगमध्ये तिच्या वाट्याला कायम दासी यायची, तीही मुकी. आपल्या हाताखालच्या पोरींचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

परीक्षेचा पाठ एका मुलींच्या शाळेत होता. सातवीचं नाटुकलं बसवायचं, परीक्षकांसमोर तालीम घ्यायची. सगळ्या पोरींकडून वाचून घेऊन जयवंताने राणी भागीरथाला दिली. तिचा आवाज पार फाटकापर्यंत जायचा. घर बौद्धपुऱ्यात, आई कापसाच्या जिनात मजुरीला.

मुख्याध्यापिका माणिकबाईंनी जयवंताला बोलावून घेतलं.

"पोरगी गुणी आहे हो. पण राणी दिसायलाही हवी ना! तिला दासी द्या."

"कावून?" रागाच्या भरात जयवंताच्या तोंडून घरचीच बोली निघाली.

"सगळं बोलूनच दाखवायचं का? पालक येणार आहेत."

"परीक्षा पालकायची आहे का माही?"

माणिकबाई हजेरीपट चाळू लागल्या. जयवंताला वाटलं, मिटलं.

परीक्षेच्या दिवशी ती वर्गात शिरली, तर राणीचा शालू भलत्याच मुलीच्या अंगावर. भागीरथा कोपऱ्यात, हातात दासीचा विंझणा.

"बाई, माह्यं काही चुकलं का?"

जयवंता तडक परीक्षकांपुढे गेली. "सर, मला न विचारता पोरींची कामं बदललीत. हा पाठ माझा नाही. मी घेणार नाही."

"मग नापास व्हाल."

"होऊ द्या!"

आणि ती झालीच. शेऱ्यात 'उद्धट' असा शब्द होता. माणिकबाईंना कोणी जाब विचारला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत पाठ देऊन जयवंता पास झाली.

निकाल घेऊन ती आधी बौद्धपुऱ्यात गेली. भागीरथाची शाळा कायमची सुटली होती. तीही आता आईसोबत जिनात जात होती. आई दारातच म्हणाली, "नाटकाचं नाव काढू नका बाई. पोरी तिले राणीसायब म्हनून चिडवत, तिनं शाळाच सोडली. तुमी पास झाल्या, तिचं काय?"

जयवंताने हातातला निकाल घडी घालून पिशवीत टाकला. अकोल्याला परतताना तिने तो एकदाही बाहेर काढला नाही.