शुक्रवारी ठेवलेला पाट

"तफूस."

हा एवढा एक शब्द म्हणताना काकी डाव्या हाताचा तळवा पाटावर असा आपटायची की शेजारी टेकायला आलेला माणूस आपसूक मागं सरायचा. तफूस म्हणजे धरलेलं, जागा रिकामी नाही. हिब्रूतले मूठभर शब्द तिला येत होते, त्यातला हा तिचा लाडका. बसमध्ये, दवाखान्यात, गिरणीच्या जेवणघरात, सगळीकडे ती तो वापरायची. पण तो खरा शोभायचा फुटबॉलच्या मैदानावर.

हो, फुटबॉलच्या. साठीकडे झुकलेली, पांढऱ्या लुगड्यातली बाई आणि फुटबॉल. तुम्ही हसलात तर हसा, मीही हसले होते.

इस्रायलमधल्या आमच्या अश्दोदला तेव्हा गावापेक्षा वाळू जास्त होती. बंदराचं काम चालू होतं, घरं निम्मी बांधलेली, आणि वाळूच्याच एका तुकड्याला तारेचं कुंपण घालून मैदान केलेलं. एका अंगाला लाकडी बाकं, बाकी तिन्हीकडे लोकांनी उभं राहायचं. काकी बाकावर बसायची नाही. तिचा स्वतःचा पाट होता, सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला. नागावहून मुंबईला आणि मुंबईहून थेट इथवर तिनं तो आणला होता. येताना लोकांनी भांडीकुंडी आणली, दागिने आणले. हिनं बसायची सोय आणली.

आता शनिवार म्हणजे आमचा शब्बाथ. त्या दिवशी पैशाला हात लावायचा नाही, गाडीत चढायचं नाही, ओझं घेऊन रस्त्यानं जायचं नाही. आणि या देशातल्या मॅच नेमक्या शनिवारी दुपारी. दुसरी कुणी असती तर तिनं मॅच सोडली असती, नाहीतर शब्बाथ सोडला असता. काकीनं दोन्ही धरून ठेवलं. शुक्रवारी सूतगिरणी लवकर सुटायची. संध्याकाळी दिवे लावले की शब्बाथ सुरू, म्हणून ती घरी जायची, स्वयंपाक उरकायची आणि दिवे लावायच्या आधी पाट काखेत मारून मैदानावर यायची. मधल्या रेषेसमोर निलगिरीचं एकुलतं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी पाट ठेवायची. तिकीटही तेव्हाच काढून फाटकावरच्या माणसाकडं देऊन ठेवायची. मग शनिवारी सकाळी मशीद, म्हणजे सिनेगॉग, आमच्यात मशीदच म्हणायचे, आणि दुपारी रिकाम्या हातानं चालत मॅचला. पाट रात्रभर वाळूत एकटा असायचा. चोरीला कसा जात नाही याचं मला नवल वाटायचं. काकी म्हणायची, तो आपली जागा राखतो, त्याला कोण हात लावतंय.

मी गिरणीत तिच्या शेजारच्या यंत्रावर होते. मी भायखळ्याची, तोंडाची फटकळ. ती नागावची, माझ्याहून फटकळ. त्यामुळं आमचं छान जमलं.

तिचा एकुलता मुलगा शालोम गावच्या संघात डावीकडून खेळायचा. पळायचा वाऱ्यासारखा, पण गोल म्हणाल तर नावाला नाही. चेंडू गोलखांबाच्या आसपास नेऊन तो असा काही मारायचा की पलीकडची पोरं तो शोधायला समुद्राच्या दिशेनं धावत सुटायची. संघही तसलाच. हरणं हा त्यांचा धर्मच होता. तरी सुरुवातीला आमची सगळी मंडळी मॅचला जायची. बायका डब्यात पुऱ्या न्यायच्या, काकीइतकं काटेकोर बाकी कुणी नव्हतं, पुरुष मुंबईच्या मैदानांवरच्या गोष्टी सांगायचे, आणि शालोमच्या पायात चेंडू आला की सगळे मराठीत ओरडायचे. परमुलखात मराठीत मोकळं ओरडायला मिळत होतं, ते काय थोडं होतं?

मग वरून, बड्या रब्बींच्या म्हणजे धर्मगुरूंच्या कचेरीतून, हुकूम आला. आमच्या बेने इस्रायल लोकांचं लग्न लावायचं तर आधी चौकशी करायची. आई कोण, आईची आई कोण, तिच्या मागची कोण. जमेल तितकं मागं जायचं आणि हे खरे यहुदी की नाहीत ते ठरवायचं. पिढ्यानपिढ्या कोकणात शनिवार पाळणाऱ्या माणसांना हे विचारायचं. माझं तर डोकंच फिरलं. अजून फिरतं.

मैदानावर त्याचे पडसाद उमटायला वेळ लागला नाही. एका शनिवारी शालोमनं सोपा चेंडू घालवला, तेव्हा बाकांवरून कुणीतरी ओरडलं, या हिंदी लोकांना आधी रब्बीकडं पाठवा, कागद घेऊन या म्हणावं. लोक हसले. आमचे पुरुष पुढच्या शनिवारी आलेच नाहीत. त्यांचं म्हणणं, अपमान करून घ्यायला तिकीट काढून कशाला जायचं. त्यात काही खोटं नव्हतं. एकेक करून सगळी घरं सुटली.

त्यानंतरच्या शुक्रवारीही काकी पाट घेऊन निघाली. मी वाटेत आडवी गेले, म्हटलं, काकी, आता कशाला जातेस? तिनं पाट या काखेतून त्या काखेत घेतला.

"आपण उठलो गो, की ते म्हणणार, इथं कुणी बसलंच नव्हतं."

तिला तिथं एकटीला कशी बसू द्यायची? मीही जायला लागले. फुटबॉलमधलं मला आजही काही कळत नाही.

संघ हरतच होता, तेव्हा गर्दी आमची गेली तशी इतरांचीही गेली. क्लबचा सेक्रेटरी रुमानियाचा, सज्जन माणूस, पण काळजीनं अर्धा झालेला. लोक यावेत म्हणून त्यानं बँड आणला, तिकिटावर सोडत लावली, बाकांना निळा रंग दिला. रंग वाळला नव्हता, तेव्हा आलेले चारजण निळे होऊन परत गेले. शेवटी तो हताश होऊन काकीपाशी आला. न चुकता येणारी ती एकच. त्यानं मला मध्ये घालून विचारलं, बाईंना विचारा, संघ हरतो, ऊन असतं, वाळू डोळ्यांत जाते, तरी या का येतात? लोक कशानं येतील?

काकीनं पदरानं तोंड पुसलं.

"त्याला सांग, लग्नाला आपण जेवण बरं असतं म्हणून जातो काय? आपलं माणूस उभं आहे म्हणून जातो. लोकांना ते आपलं माणूस वाटू दे, जेवण कसंही असलं तरी येतील."

मी जमेल तसं हिब्रूत सांगितलं. त्यानं मान हलवली आणि बँड बंद केला.

लग्नाचं ती उगाच बोलली नव्हती. शालोमचं एका मोरोक्कोच्या मुलीशी जमलं होतं. राहेल तिचं नाव. तिचा बाप अमराम बंदराच्या धक्क्यावर दगड टाकायच्या कामाला होता. तो दर मॅचला गोलखांबामागं उभा राहून सूर्यफुलाच्या बिया फोडायचा. मुलीची पसंती त्याला मान्य होती. पण लग्नाची नोंद करायला पोरं गेली, तर कचेरीनं सांगितलं, मुलाच्या आईला घेऊन या, तिला काही विचारायचं आहे.

काकी गेली नाही.

शालोमनं विनवण्या केल्या. मराठीत सुरुवात करायचा आणि रागावला की हिब्रूत शिरायचा, आईची इमा व्हायची. इमा, माझ्यासाठी, दोन प्रश्न तर आहेत, उत्तरं दे आणि मोकळी हो. शेजारणी समजवायला आल्या. मीदेखील एकदा भीतभीत म्हटलं, पोराच्या सुखासाठी एवढं गिळून टाक. तेव्हा ती यंत्र थांबवून माझ्याकडं वळली. गिरणीत यंत्र थांबवणं म्हणजे मुकादमाची बोलणी खाणं, तरी थांबवलं.

"नागावात आम्हांला शनवार तेली म्हणायचे. शनिवारी आमचा घाणा बंद असायचा, म्हणून. अख्ख्या गावाला ठाऊक होतं आम्ही कोण. हिंदूंना ठाऊक, मुसलमानांना ठाऊक. इथं आपल्याच लोकांत येऊन मी शपथेवर सांगू? आज मी सांगितलं, तर उद्या माझ्या नातीला विचारतील."

शालोमनं बोलणं टाकलं. एकाच घरात राहून आईशी अक्षर बोलेना, वाढलेलं ताट खाऊन उठून जायचा. काकीनं त्याचं जेवण चुकवलं नाही आणि त्याची एकही मॅच चुकवली नाही. तो मैदानावर आला की निलगिरीच्या झाडाकडं पाठ करायचा. ती त्या पाठीकडं बघत बसायची. मी तिला विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाली, वाटतं, रडायलाही येतं, पण म्हणून बघायचं सोडू काय? आणि मग तिथंच बसल्या बसल्या तिनं नवस बोलला. पोरगा गोल करील त्या दिवशी याच मैदानावर एलियाहू हन्नाबीचा मलिदा करीन.

मलिदा म्हणजे आमच्यातला, एलियाहू पैगंबराच्या नावानं नवस फेडायचा विधी. गोड पोहे, खोबरं, फळं, वर सब्जाची काडी, आणि दहा पुरुषांनी मिळून प्रार्थना म्हणायची. तो घरात करतात. फुटबॉलच्या मैदानावर मलिदा कुणी ऐकलाय का? बायकांनी डोक्याला हात लावला. काकी म्हणाली, अलिबागेकडं खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू उतरला होता, तिथं काय बंगला होता? वाळूतही उतरेल. मी मनात म्हटलं, शालोमचा गोल व्हायचा तेव्हा होईल, काळजी नको.

आणि चौसष्टच्या वसंतात त्यानं गोल केला. कसा केला ते विचारू नका, मी नेमकी संत्रं सोलत होते. आरडाओरड झाली तेव्हा मान वर केली, तर शालोम मैदानाच्या मधोमध उभा होता आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा झाडाकडं बघत होता. काकीनं हात हलवला नाही की काही नाही. पाटावर ताठ बसून राहिली, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

मॅच संपल्यावर ती उठलीच नाही. चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, तशी मला म्हणाली, जा, घरून सामान आण. मुंबईहून पार्सलनं आलेले पोहे तिनं याच दिवसासाठी डब्यात जपून ठेवले होते. गोलाची बातमी ऐकून आमची काही घरं धावत आली, काही आली नाहीत. ताट मांडलं, कंदील लावला. पुरुष मोजले तर शालोमला धरून नऊ. दहावा मिळेना. काकी कुणाला बोलवायला जाऊ देईना. ज्याला यायचं तो येईल, म्हणाली.

गोलखांबामागून अमराम चालत आला. बियांची पुडी खिशात टाकून त्यानं विचारलं, हे काय चाललंय? शालोमनं सांगितलं, एलियाहूचं आहे, दहावा माणूस हवा. आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं हळूच म्हटलं, बाबा, कचेरीच्या हिशेबात आम्ही अजून पक्के नाही, आमच्यात स्वतःला मोजून घेशील का? अमरामनं टोपी सरळ केली आणि शालोमच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"एलियाहू आमचाही आहे. दहावा मी. चला, सुरू करा."

प्रार्थना झाली. चाल त्याला येत नव्हती, पण आमेन तो सगळ्यांच्या वर म्हणत होता. गोड पोहे खाताना त्यानं काकीला विचारलं, हा भात आहे का? काकीनं त्याच्या हातावर आणखी मूठभर ठेवले. शालोम आईपाशी येऊन वाळूत बसला आणि मराठीत म्हणाला, आई, मला वाढ. मी तिथून उठून लांब गेले, कारण मला रडायचं होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

कचेरीला अर्थात मलिद्याशी घेणंदेणं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात आमची माणसं गावोगावाहून यरुशलेमला गेली आणि सरकारच्या दारात ठाण मांडून बसली. काकी पाट घेऊन गेली, सोबत शालोम. एका पोलिसानं तिला बाजूला सरायला सांगितलं तेव्हा ती काय म्हणाली असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. सरकारनं जाहीर केलं की हे लोक सगळ्या बाबतींत यहुदी आहेत, आणि हुकुमातून आमचं नाव गेलं. सणवार आटोपल्यावर शालोम आणि राहेलचं लग्न लागलं. काकीला कुणी एक प्रश्न विचारला नाही. लग्नात ती पाटावर बसली होती.

थंडी सुरू झाली आणि ती गेली. दोन दिवस ताप आला, एवढंच. मी तिच्यावर चिडले होते, खरं सांगते. एवढं सगळं जिंकून घ्यायचं आणि असं पटकन निघून जायचं?

शोकाचे दिवस संपल्यावरच्या शुक्रवारी मी गिरणीतून येताना मैदानावरून आले. निलगिरीच्या बुंध्याशी पाट ठेवलेला होता. शालोमनं ठेवला होता.

शनिवारी मी गेले. आमची सगळी घरं आली होती, बाकं भरली होती, आणि पाट तेवढा मोकळा होता. गावात नवा आलेला कुणी माणूस सावली बघून तिकडं गेला आणि टेकायला वाकला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोलखांबामागून अमरामचा आवाज आला.

"तफूस."

तो माणूस रिकाम्या पाटाकडं बघत राहिला. मग मागं सरला आणि आमच्यासारखाच उन्हात उभा राहिला.