महादेवाचा पडदा

माझी बायको या पूस महिन्यात वारली. बसायला आलेले लोक ओसरीवर एकच बोलून राहिले होते, "तिच्या तोंडामुळं याचं पडदे रंगवायचं काम गेलं." खोटं आहे ते. म्हणून लिहून राहिलो.

इंग्रजाचं राज होतं. मी नाटकाचे पडदे रंगवत होतो. शाळा थोडीच झाली. चित्र शिकलो ते मालगुजाराच्या बैठकीतल्या विलायती तसबिरी बघून. त्यांची एक शिस्त असे. एका बाजूला मोठं काळसर झाड, मधात पाणी, काठावर पडके दगडी खांब, मागे फिकट होत गेलेले डोंगर, सगळ्यावर सांजेचं पिवळं ऊन. शिस्त मी तीच घेतली. झाड मात्र मोहाचं काढलं, पाणी आमच्या तलावाचं, आणि खांबांच्या जागी जवळच्या नागरा गावच्या महादेवाचं देऊळ. बायको चिंचोक्याची खळ शिजवायची, रंग घोटायची. "दगड ओला दिसून राहिला, वाळवा त्याले," म्हणायची. मी परत रंगवायचो.

दिवाळीनंतर गावची मंडई भरते, म्हणजे जत्रा. तिथं रातच्या नाटकाला तो पडदा लागला, तशा समोरच्या बाया हात जोडून उभ्या झाल्या. एकीनं तांदूळ वाहिले. तेवढ्यात नाटकातला राजा जोडे घालून पुढे आला. मागून ओरड उठली, "अबे, जोडे काढ! महादेवापुढं उभा आहेस!"

राजानं काढले. तरी बाया बसेनात. नाटक मंडळीचा मालक माझ्यावर धावला.

"तुले पडदा सांगतला होता का देऊळ? अभी के अभी चुना मार त्याच्यावर. त्या जागी खांब रंगव, सायबाच्या चित्रात असते तसे."

"नाही मारत," मी म्हटलं.

"काऊन?"

तेव्हा बायको पुढं झाली. "भाऊ, राजा अनवाणी चालला त तुमचं काय नाक कापलं? चुना राजाच्या तोंडाले मारा, तोच त बोलणं विसरून राहिला."

बाया हसल्या. मालक लाल झाला. "उद्यापासून येऊ नको," मला म्हणाला.

म्हणजे "नाही" मी आधी म्हटलं होतं. ती मागून बोलली. ओसरीवरच्यांनो, हे नीट ऐका.

आम्ही पडदा तिथंच उतरवला आणि घरी नेला. राजानं उरलेलं राज्य मागच्या बांबूच्या तट्ट्यापुढं केलं. पुढच्या मंडईला मालकानं खांबांचा पडदा लावला, तर बाया विचारू लागल्या, महादेव कुठं गेला. मालकानं बोलावणं पाठवलं. आलेल्या माणसाला मी पाणी दिलं आणि म्हटलं, "सायबाच्या खांबांपुढंच नाचा म्हणावं."