रुमालाखालचा हात

दौलतअण्णा गेल्याचं कार्ड सांगलीच्या दुकानात आलं, तेव्हा मी हळदीची पोती शिवून घेत होतो. कार्ड वाचलं, फाडलं, हात धुतले आणि उरलेली पोती शिवून घेतली. आज सव्वा महिना झाला. रडू आलेलं नाही. लोक मला घट्ट काळजाचा म्हणतात... म्हणोत.

अण्णा साताऱ्याच्या तालमीतले पैलवान. गुडघा गेला तशी कुस्ती सुटली. मग सांगलीला येऊन त्यांनी हळदीच्या अडतीचं दुकान घातलं आणि मेढ्याचा, आपल्या गावचा, म्हणून मला हाताखाली घेतलं. आमच्या बाजारात भाव तोंडाने ठरत नाही. दोघं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात. ज्याने हात आधी काढला त्याने सौदा मोडला. मी एकविशीतला, उतावळा. समोरच्याने पुरतं बोट दाबायच्या आत मान डोलवायचो. अण्णांनी मला सकाळी तालमीत नेलं, मातीत उभं केलं आणि स्वतःचं मनगट धरायला दिलं. "दाबू नगंस. नुस्तं धर. म्होरच्याचा दम कुठंवर हाय, ते हाताला कळतंय." महिनाभर तेवढंच. मी वैतागलो होतो, पण पुढे खरंच कळू लागलं. कोण ऐट करतोय, कोण अडचणीत विकतोय. अडचणीतला भेटला की अण्णा पकड सैल करायचे. मी कुरकुरलो तर म्हणायचे, "पडल्याल्याला काय चीत करायचं रं, गड्या?"

एवढं शिकूनही मी माती खाल्ली. अण्णांनी मला रुमालाखाली दिलेला आकडा एका बड्या व्यापाऱ्याच्या कानात घातला. का, तर त्याच्या पेढीवर आपली उठबस व्हावी! अण्णांचा सौदा फिरला. अण्णा ओरडले नाहीत की त्यांनी मला हाकललं नाही. पुढे मी स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा नारळही त्यांनीच फोडला. पण माझ्याशी सौदा निघाला की रुमाल खांद्यावरच राहायचा आणि भाव ते तोंडाने सांगायचे. भर बाजारात, खणखणीत आवाजात. सगळ्यांना कळायचं, का ते. जर्मनीची लढाई सुरू झाली, संपली. तो हात काही माझ्यापुढे आला नाही. मला दुसरं काही नको होतं.

ते जायच्या तीन दिवस आधी मी साताऱ्यावरून मोटरीने मेढ्याला गेलो. अण्णा आजारपणात गावी परतले होते, घोंगडी पांघरून पडले होते. "आलास व्हय," म्हणाले आणि घोंगडीचा काठ जरासा उचलला. मी हात आत घातला. त्यांची बोटं माझ्या मनगटाभोवती आली. आकडा नव्हता... नुसतं धरलं होतं. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. "भावजी, घ्या की, निवंल." आणि मी हात काढून कप घेतला.

काय केलं ते परतीच्या मोटरीत लक्षात आलं. उतरून मागे जायला हवं होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.

वहिनींनी त्यांचा रुमाल माझ्याकडे पाठवलाय. हळदीने पिवळा झालेला, कडेला विरलेला. गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्याखाली उजवा हात ठेवून बसतो. चहा आला तर डाव्या हाताने घेतो.