भिंतीतला तारा
राजाजीनगरच्या एका लग्नात आइस्क्रीमवर द्रव नायट्रोजनची पांढरी वाफ पसरली आणि नव्वदच्या दशकातली आमची प्रयोगशाळा आठवली, जिथे त्याच नायट्रोजनने गार ठेवलेला, आकाशातले गॅमा किरण मोजणारा डिटेक्टर माझ्या मित्राने बांधला होता. तो वारला आणि महिन्याभरात प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी डिटेक्टरच्या अहवालातून त्याचं नाव काढलं. मग पाहुण्या शास्त्रज्ञांना ग्राफवरचं उंच टोक दाखवत ते म्हणाले, "हे थेट ताऱ्याकडून आलंय. सरी ना, बरोबर ना, मॅडम?" ते टोक आमच्याच भिंतीतल्या किरणोत्सारी पोटॅशियमचं होतं, हे मित्रानेच मला शिकवलं होतं. मी शांतपणे म्हणाले, "हो, सर." त्यांतले एक म्हातारे पाहुणे टोक ओळखून खो खो हसले. "तारा या भिंतीत राहतो वाटतं!" सरांचा चेहरा उतरला, आणि मित्र गेल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले. पश्चात्ताप आजही नाही. ते हसणं ऐकायला तो नव्हता, एवढंच सलतं.