डाव्या हातातली

आमच्या सातवीच्या मास्तरांनी शाळा तपासणीसाठी एक युक्ती काढली होती. साहेबांनी प्रश्न विचारला की वर्गातल्या प्रत्येकानं हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मग मास्तर आदबीनं म्हणणार, "साहेब, मी उठवतो एकेकाला," आणि बरोबर उजवा हात निवडणार. साहेब खूश. काय वर्ग आहे, सगळ्यांचेच हात वर!

कोणता हात करायचा हे खरं तर ज्यानं त्यानं त्या वेळी ठरवायचं होतं. पण मास्तरांना पोरांचा भरवसा वाटेना. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी वर्गात फिरून ज्याच्या त्याच्या खांद्यावर टिचकी मारत हात कायमचे ठरवून टाकले. मी उजवी झाले. माझी मोठी बहीण डावी.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी राहिली, मग मायसोबत कापूस वेचायला जाऊ लागली, आणि अशी मागे पडत माझ्याच वर्गात येऊन बसली. उंचीनं सगळ्यांत मोठी, म्हणून मास्तर तिला सुरुवातीपासूनच मागे बसवत. मागे बसणारी ती डावीच असणार, असं त्यांचं साधं गणित.

मास्तर काही राक्षस नव्हते. आष्टीहून सायकल हाणत यायचे, घामानं निथळत. तपासणी चांगली झाली, निकाल चांगला लागला, तर घराजवळ बदली मिळेल, एवढ्याच आशेवर ते वर्ष काढत होते. आम्हा उजव्यांना त्यांनी जीव तोडून शिकवलं, हे मला नाकारता येणार नाही. चुकलं तर पुन्हा सांगायचे, तिसऱ्यांदा सांगायचे. डाव्यांना मात्र काही विचारायचंच नाही असं ठरल्यावर त्यांना सांगायचं तरी कशाला? पाणी भरायला डावे, शाळा सारवायला डाव्या, फळा पुसायला डावे. तपासणीपुरती काढलेली युक्ती रोजचीच होऊन बसली, आणि हिवाळा सरेपर्यंत मागच्या पोरांनी फळ्याकडे बघणंही सोडून दिलं. मी हुशार होते म्हणून उजवी झाले, की उजवी झाले म्हणून हुशार झाले, हे मला आजवर सांगता येत नाही.

घरी सगळं उलटं होतं. ताई चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी थापायची आणि मी बाजूला बसून घोकायचे. मी अडखळले की ती तव्यावरून नजर न काढता पुढचं सांगायची. सातवीनंतर तळेगावच्या हायस्कुलात जायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. शेजारच्या पोरीचा हायस्कुलातला जुना निळा परकर मागून आणून तिनं पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवला होता. बाबांनी मात्र सांगून टाकलं होतं, "मास्तर म्हणतीन त्या एकीलेच धाडीन." तेव्हा सगळं मास्तरांच्या शब्दावर होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तपासणीची जीप आली. साहेब नवे होते. त्यांनी विचारलं, "वर्धा नदी कुठं उगम पावते?" सगळ्यांचे हात वर गेले. मास्तर पुढे सरसावले, पण साहेब त्यांना हातानंच थांबवून थेट मागे गेले आणि ताईपुढे उभे राहिले. "तू सांग."

आदल्या संध्याकाळीच ताईनं माझ्याकडून ते पाठ करून घेतलं होतं. सातपुड्यात, मुलताईजवळ. मी मागे वळून ओठ हलवले, पण तिनं पाहिलंच नाही. डावा हात तसाच वर ठेवून ती उभी राहिली आणि म्हणाली, "मले नोका इचारू, साहेब. मी डाव्या हातातली आहो."

"म्हणजे काय?"

तिनं सांगितलं. चुगली करावी तसं नाही, शाळेचा नियम सांगावा तसं. येते त्याचा उजवा, नाई येत त्याचा डावा.

आता मास्तरांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण साहेब मास्तरांकडे बघून हसत सुटले. "मास्तर, डोकं जबरदस्त आहे तुमचं!" मग पोहे झाले, चहा झाला, जीप गेली. त्या हसण्याचा राग मला अजून येतो. रागावले असते तर निदान कोणीतरी ताईच्या बाजूनं रागावलं असतं.

मास्तरांनी तिला मारलं नाही, बोललेही नाहीत. संध्याकाळी सायकल आमच्या ओट्याला लावून बाबांना म्हणाले, "लहानीले धाडा तळेगावले. मोठीवर खर्च करून फायदा नाई."

मी आतून धावत आले. "तिले सगळं येते, बाबा! मले तिनंच शिकवलं!"

बाबांनी ताईला बाहेर बोलावलं. हाताला पीठ तसंच. "काऊन वं, खरंच येते का तुले?"

ताईनं एकदा मास्तरांकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता. मी तिचा हात ओढत होते.

"नाई येत मले," ती म्हणाली.

आणि ती घाबरून बोलली नव्हती, हेच मला गिळता येत नाही. तिला ते खरं वाटत होतं. पुढे निळा परकर घालून मी हायस्कुलात गेले. ताईचं लग्न झालं.

ऐंशी सालानंतर, मी स्वतः मास्तरीण झाल्यावर, एका जूनमध्ये तिच्या सासरी गेले होते. मला उतरवून घ्यायला तिची पोरगी फाट्यावर आली होती. शाळेत अजून नाव नव्हतं, तरी एसटीची पाटी तिनं एकेका अक्षरावर बोट नाचवत वाचली. कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "मायनं."

दुसऱ्या दिवशी तिचं नाव घालायला आम्ही तिघी शाळेत गेलो. तिथला मास्तर तरुण होता. त्यानं सहीसाठी ताईपुढे पेन धरलं. तिनं ते घेतलं नाही. शाईच्या डबीवर डावा अंगठा टेकवून कागदावर उठवला.

"ताई, तुले लिहिता येते ना!" मी ओरडलेच.

"राहू दे वं," ती म्हणाली. मग अंगठा लुगड्याला पुसत मास्तरला म्हणाली, "हिले मांगंच बसवा, मास्तर. माह्यावर गेली हे."

"काय बोलून राह्यली तू?" माझा आवाज चढला.

तिला माझा राग कळेना. "मंग, खोटं सांगू काय मास्तरले?"

मास्तरनं मान वर न करता पेनानं मागची जागा दाखवली. मी "थांब" म्हणाले, पण पोरगी आईच्या तोंडाकडे बघत होती. ती उठली आणि मागच्या भिंतीशी जाऊन बसली.