गोठ्याची मागची भिंत

आक्का आपली चित्रं आपल्याच हातानं सारवून टाकायची. दर शनिवारी सासूबाई शेणाची पाटी तिच्यापुढं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भिंत घाण झालीया. सारव." ती सारवायची. रागावणं नाही, रडणं नाही. सोमवारी गेरू आणि पांढऱ्या खडीची वाटी घेऊन पुन्हा त्याच भिंतीशी बसलेली.

आक्का माझी थोरली जाऊ. कुंडलला आमचा ऊस होता, दावणीला आठ जनावरं होती आणि थोरले दीर पलटणीत, लढाईवर. आक्काला मूल नव्हतं. त्यामुळं सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते तिच्या ताटात पडायचं. मला दोन मुलगे. घरात माझा शब्द चालायचा, आणि तो मी चालवून घेत होते.

काडीच्या टोकाला चिंधी गुंडाळून ती बैल काढायची, म्हशी काढायची, मोटेचं पाणी काढायची. एकदा मी म्हटलं, "आक्का, हिकडं कुणी फिरकत न्हाई. कशापायी हात दुखवून घेताय?"

"गाय कुणाला दावायला रवंथ करती गं?" ती म्हणाली. काडी थांबली नाही.

नणंदेच्या लग्नाला सांगलीहून एक ड्रॉइंग मास्तर आले होते. हात धुवायला ते गोठ्यामागं गेले आणि तिथंच उभे राहिले. मी तांब्या घेऊन गेले, तर म्हणाले, "हे कुणी काढलं? माझ्या वर्गात असा हात एकाचा नाही." आक्का चार पावलांवर गवऱ्या थापत होती. तिनं मान वर केली. तिचं नाव घेतलं असतं, तर त्या दिवशी मांडवात तिला कुणीतरी विचारलं असतं. मला ते सोसवलं नाही.

"गावातल्या पोरांनी काढलंय," मी म्हणाले.

मास्तर पंगतीला गेले. आता आक्का माझी लाज काढणार, म्हणून मी घाबरून उभी. ती शेण मळत म्हणाली, "त्या डाव्या बैलाचं शिंग चुकलंय. मास्तरला दिसलं न्हाई." दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तरी त्याच संध्याकाळी बसून तिनं ते शिंग नीट केलं.

लढाई संपली आणि दीर परतले ते आटपाडीकडची दुसरी बायको करून. आक्काचं अंथरूण गोठ्यात गेलं. भिंत बघून दीर म्हणाले, "ह्ये खूळ हाय व्हय अजून?" आणि बुटानं रंगाच्या वाट्या चेचल्या. तिनं कोळसा उगाळला आणि कोळशानं काढायला लागली.

थंडीत तिला खोकला धरला. वैद्याला कुणी बोलावलं नाही. मीही नाही. ती जायच्या चार दिवस आधी मी पेज घेऊन गेले. ती गोठ्यातच, आतल्या बाजूनं त्याच भिंतीला टेकून, डाव्या हातानं उजवा हात उचलून धरून रेघ ओढत होती. इतक्या वर्षांचं माझ्या तोंडून निघून गेलं. "आक्का, तवा मास्तरला मी मुद्दाम खोटं सांगितलं. तुमचं नाव घेतलं न्हाई."

"ऐकलं हुतं की मी," ती म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "दारातनं जरा सर. उजेड आडतोय."

मी बाजूला झाले.