उत्तमकाकांनी बसवलेला सर्व्हर

उत्तमकाका आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजात शिपाई म्हणून लागले तेव्हा नुसते दहावी होते. लॅबची लादी पुसता पुसता ते लिनक्स शिकले आणि सर्व्हरचं काम कधी त्यांच्या अंगावर पडलं ते कोणालाच आठवत नाही. पद शिपायाचंच राहिलं. मी तिथे कंत्राटी लेक्चरर आहे.

पोरं व्हिडिओ बघतात म्हणून कॉलेजने लॅबचं इंटरनेट तोडलेलं. सर्व्हरवर काही टाकायचं तर सॉफ्टवेअरचं पॅकेज पेनड्राइव्हवरून आणावं लागे. ते बसवायला गेलं की अडून बसे, अमुक लायब्ररी, म्हणजे त्याला लागणारं दुसरं सॉफ्टवेअर, नाही. ती आणावी तर तिला आणखी दोन हव्या असत. काका ही नावं जुन्या हजेरीपत्रकांच्या पाठीवर उतरवून घेत, मोहने गावातल्या आपल्या घरी जुन्या लॅपटॉपवर एकेक शोधत आणि दुसऱ्या दिवशी क्रमाने बसवत. एकाला दुसरं लागण्याच्या या साखळीला, डिपेंडन्सीला, ते 'डिपेंडशी' म्हणायचे. पोरं मुद्दाम विचारायची, "काका, आज काय मिसिंग आहे?" काका मनापासून समजावून सांगायला लागले की मागे खसखस पिकायची.

त्यांची मुलगी कृतिका याच पोरांच्या वर्गात होती. तिचा ॲडमिशन फॉर्म मी भरून दिलेला, म्हणून मला ठाऊक. बाकी कोणाला नाही. "कॉलेजात मला हाक मारायची नाही," असं तिने बापाला बजावलेलं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरचे परीक्षक अकराला यायचे होते आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर बसत नव्हतं. विभागप्रमुख आनंद सर काकांच्या डोक्यावर उभे होते.

"सर, ही शेवटची मागतेय ना, ती सी लायब्ररी आहे," काका म्हणाले. "अख्खी सिस्टिम तिच्यावर उभी आहे. नवी घुसवली तर सगळं कोसळेल. उद्यापर्यंत द्या, आपल्याला जुळणारं जुनं पॅकेज आणतो."

"उद्या? परीक्षा आज आहे. फोर्स कर."

"सर, नको."

"आता तू शिकवणार मला?" सरांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि कमांड स्वतःच दिली. पॅकेज बसलं. सरांनी सगळ्यांकडे बघितलं. मग फाइल्सची साधी यादी मागितली, तर एरर. तारीख विचारली, तीच एरर. पोरांसमोरचे, सर्व्हरवर चालणारे तीसही टर्मिनल एकामागोमाग अडकले.

तेवढ्यात परीक्षक दारात आले.

"आमच्या प्यूनने हात लावला," सर त्यांना म्हणाले. मग वर्गाकडे वळले. "कोणी बघितलं?"

सगळ्यांनी बघितलं होतं. मीही. सरांची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या कृतिकावर थांबली. ती उभी राहिली.

"हो सर. काकांनीच केलं."

उत्तमकाकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. कीबोर्ड हळूच जागेवर सरकवला आणि म्हणाले, "चुकलं, सर."

सरांनी माफीनामा तिथेच लिहून घेतला, तीस पोरांसमोर, आणि मोठ्याने वाचायला लावला. काका इंग्रजी शब्दांपाशी अडखळले तशी पोरं हसली. कृतिकाही हसली, थोडी उशिरा.

काकांची बदली गेटवर झाली, आयकार्ड तपासायला. सर्व्हर बाहेरच्या माणसाने नव्याने उभा केला. कृतिका रोज गेटवर कार्ड पुढे धरायची. काका बघायचे आणि म्हणायचे, "जा." पुढे तिला पुण्यात नोकरी लागली, आनंद सरांच्याच शिफारशीने.

काकांच्या बदलीनंतर महिन्याभराने माझ्याच हातून एक पॅकेज अडलं. मी एरर कागदावर लिहून गेटवर गेले. काकांनी एका नजरेत सांगितलं, कुठली लायब्ररी, कुठली आवृत्ती, आधी काय बसवायचं. मग त्यांनी विचारलं, "सर्व्हर बरा चालतोय ना, मॅडम?"

तासाभरात काम झालं. मीटिंगमध्ये आनंद सर माझ्याकडे हात करून म्हणाले, "बघा, शिकलेलं माणूस असलं की असा फरक पडतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हणाले, "थँक यू, सर."